कुर्ली स्वभावानं गरीब

देवबागला खाडीकाठच्या घराच्या पडवीत बसून देवेश गेले आठ महिने राक्षस काढत होता. राक्षस म्हणजे मोबाइलच्या खेळातले. खेळणाऱ्यानं ते पकडायचे, पाळायचे आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी झुंजवायचे. कंपनी पुण्याची, जेवण आईच्या हातचं. एवढं सुख कुणाच्या तरी डोळ्यांवर येणारच. एके दिवशी सकाळीच कंपनीतल्या संचिता मॅडमचा निरोप आला, ‘तुझे राक्षस लोकांना कळत नाहीत. आज चारला चाचणी. नापास झालास तर सोमवारपासून पुण्याला ऑफिसात.’

चाचणी साधी होती. आयुष्यात कधी खेळ न खेळलेल्या माणसाला व्हिडिओ कॉलवर तीन चित्रं दाखवायची. मारणारा कोण, मार अडवणारा कोण आणि जखमी साथीदारांना बरं करणारा कोण, हे त्यानं नुसतं बघून सांगायचं. चित्रं काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

देवेश निर्धास्त होता. राक्षसाचं काम त्याच्या अंगावर दिसलं पाहिजे, हा या धंद्याचा पहिला धडा त्याला तोंडपाठ होता. टणक पाठीची कुर्ली, म्हणजे खेकडा, मार अडवणार. दहा हात उगारलेला माकूल, म्हणजे स्क्विड, मारणार. आणि गोल, गुलाबी, टपोऱ्या डोळ्यांचा तो गुबगुबीत मासा सगळ्यांना बरं करणार. पुण्यातलं शेंबडं पोरही हे ओळखेल. पण चाचणीला पुण्यातलं पोर नव्हतं, सुगंधा होती. देवेशची आई. पाहुण्यांसाठी दोन खोल्या चालवणारी आणि चाळीस वर्षं मासे साफ करणारी बाई.

“आये, तुका फक्त बघून सांगूचा आसा, कोणाचा काम काय ता,” देवेश म्हणाला. सोमवारचं तो काही बोलला नाही.

“त्येका काय मोठा,” म्हणून तिनं पदराला हात पुसले आणि चष्मा लावला.

पहिली आली कुर्ली.

“काकू, ही काय करेल?” मॅडमनी विचारलं.

“बरं करील,” सुगंधानं पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं मराठी काढलं. “सर्दी झाली, तापानं तोंडाची चव गेली, की कुर्ल्यांचं सार द्यायचं. माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसतो.”

फोनमागे उभं राहून देवेशनं छाती पुढे काढली, दोन्ही हातांची ढाल केली, पाय रोवले. आईनं वर पाहिलं.

“काय रे, पाठ धरली?” मग फोनकडे वळून म्हणाली, “बघा मॅडम, ह्यालापण आता सारच द्यायला लागणार.”

“देवेश, तू बाजूला हो,” मॅडम म्हणाल्या.

माकूल आला. सुगंधाला हसूच फुटलं. “हा कसला मारतोय. भित्रा तो. कोण जवळ आलं की काळी शाई सोडतो आणि पळतो. पण पुढे उभा करा त्याला. त्या शाईत मागचे कोणाक दिसायचे नाय. अडवायला बरा.”

देवेशची सगळी भिस्त आता गुबगुबीत माशावर होती. पण मासा दिसला आणि आईनं फोन हातभर लांब धरला.

“हा केंड. ह्याला आम्ही हातपण लावत नाय. दिसायला गोजिरा, पण पोटात विष. डिवचला की फुगून बसतो. मारणारा हाच.”

तिन्ही उत्तरं उलटी. एकाच माणसावर कसा विश्वास ठेवायचा म्हणून मॅडमनी आणखी कुणाला तरी बोलवायला सांगितलं. देवेशच्या जिवात जीव आला. कुंपणापलीकडून नर्मदाकाकी आली, तिनं तिन्ही चित्रं पाहिली आणि तिन्ही उत्तरं सुगंधाचीच दिली. वर दोन बोटांची नांगी करून म्हणाली, “कुर्लीचो डेंगो तुटलो तरी परत येता. दुसऱ्याक देवन तिचा काय जाता? ह्या आख्ख्या देवबागाक म्हायत आसा.”

“कळवते,” मॅडम म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

“पास मा आमी?” आईनं विचारलं.

“तू पास. मी नापास. सोमवारी पुण्याक जावचा.”

सुगंधाचा चेहरा पडला. “आदी सांगूक काय झाला होता? तू म्हणशीत ता मी सांगलंय असतंय.”

“म्हणानच सांगूक नाय.”

ती आत गेली आणि उगाचच भांडी वाजवू लागली. देवेशला त्या आवाजानं जास्तच वाईट वाटलं. त्यानं माळ्यावरची बॅग काढली, झटकली आणि उघडी टाकून तिच्याकडे बघत बसला.

तासाभरानं निरोप आला, ‘कामांची अदलाबदल करून बघितली. स्वतःचा डेंगा मोडून साथीदाराला देणारी कुर्ली सगळ्यांना आवडली. गोड दिसतो म्हणून केंडाच्या जवळ जाऊन ऑफिसातले चौघे मेले, परत परत मेले, आणि खूश आहेत. उरलेले चाळीस राक्षस काकूंना दाखवल्याशिवाय पाठवू नकोस. देवबाग सोडायचं नाही. काकूंना रोज चारला मोकळं ठेव.’

देवेशनं तो दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. भांड्यांचा आवाज थांबला. “चारला पाव्हण्यांचा कोण बघतलो?” एवढंच ती म्हणाली, पण आवाजातला आनंद काही तिला लपवता आला नाही.

तर सोमवारी चार वाजता सुगंधा नवी साडी नेसून पडवीत फोनसमोर बसली आणि पाहुण्यांच्या कुर्ल्या साफ करायला देवेश मोरीवर. आईनं बजावलं होतं, आदी डेंगे मोड, मगे दोरी सोड. पण हा पडला चित्रकार. डेंगा कसा उघडतो ते नीट बघावं म्हणून त्यानं डेंगे बांधलेली दोरी आधी सोडली. कुर्लीनं त्याला ते दाखवलं, त्याच्याच बोटावर.

डोळ्यांत पाणी आलं. तो ओरडणार, एवढ्यात पडवीतून आईचा आवाज आला.

“नाय हो मॅडम, ही दुसरी काढलीय तिलापण मारणाऱ्यांत घालू नका. कुर्ली स्वभावानं गरीब.”

देवेशनं ओठ घट्ट मिटून घेतले. चाचणी चालू असताना चित्रं काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं.