अत्यंत ज्वालाग्राही बँडचा इतिहास

चोपड्याच्या स्टँडवर कुणी नवखा माणूस चहा पिताना दिसला, की आमचा सुध्या त्याच्या बाकावर जाऊन टेकायचा आणि विचारायचा, "आमच्या बँडचा इतिहास माहीत शे का?" समोरच्याला वाटे लग्नाचा बँड. तो बिचारा लग्नाची तारीख सांगू लागे. सुध्या म्हणे, "तो नाही. थ्रॅश मेटल." मग त्या माणसाची एसटी लागेपर्यंत त्याची सुटका नसे.

मला हा इतिहास तोंडपाठ आहे. त्यातला पहिला फुटीर मीच.

सत्त्याऐंशी साली जहाजावर नोकरी करणाऱ्या सुध्याच्या मावसभावाने या थ्रॅश मेटलची, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या विलायती संगीताची, एक कॅसेट आणली. ती ऐकून मला वाटलं टेप बिघडला. सुध्याला मात्र साक्षात्कार झाला. आठवड्यात त्याने केस कापणं बंद केलं आणि महिन्यात बँड काढला. तो गिटारवर, मी बेस गिटारवर, गायला रमेश आणि ड्रमवर हिरामण. हिरामण मूळचा वरातीत वाजवणारा. त्याला फक्त "आणखी जोरात" एवढंच शिकवावं लागलं, तेही एकदाच. नाव सुध्याला धुळ्याच्या रस्त्यावर एका टँकरच्या पाठीवर सापडलं: अत्यंत ज्वालाग्राही.

तालीम सुध्याच्या केळीच्या मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. पहिल्याच दिवशी शेजारचे नाना धोतर सावरत धावत आले आणि फ्यूज ओढून मोकळे झाले. "मोटर जळी राहिनी ना रे पोरांनो." आम्ही खजील झालो. सुध्याने त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि अख्खं गाणं पुन्हा ऐकवलं. पुढे वर्षानुवर्षं तो नानांचा उल्लेख "आपले पहिले श्रोते" असाच करी. नाना मात्र त्यानंतर मळ्यात जायला लांबची वाट धरत.

गणपतीत एका मंडळाने आम्हाला बोलावलं. दुसऱ्या गाण्याला गल्लीची वीज गेली आणि मंडळाच्या अध्यक्षांनी गणपतीला हात जोडले. सुध्याच्या इतिहासात हा सुवर्णकाळ. तो पावणेदोन गाण्यांचा होता, हे मी सोडून कुणी त्याला सुनावलं नाही.

मग गळती लागली. मला धुळ्याला नोकरी लागली. रमेशच्या सासऱ्याने साफ सांगितलं, विनाकारण ओरडणारा जावई चालणार नाही, आणि त्याला आपल्या लांबच्या गावी नेलं. हिरामण सुरतेला गिरणीत गेला. पण सुध्याच्या तोंडून "बँड सोडला" हे शब्द कधी आले नाहीत. "दिल्या रजेवर शे," तो माझ्याबद्दल म्हणे, "रमेश रजेवर शे. बठ्ठा रजेवर शेतस, पण बँड चालू शे." दर रविवारी तो एकटा त्या खोलीत तालीम करी. खांद्यापर्यंत आलेल्या केसांबद्दल बायका विचारू लागल्या, तेव्हा त्याच्या आईने, अक्काने, कंटाळून नवसाचे आहेत म्हणून सांगून टाकलं.

नऊ वर्षं असं चाललं. मग अमळनेरचे एक गृहस्थ मुलगी द्यायच्या बोलणीला आले. त्यांनी विचारलं, "बँडमध्ये किती जण?" सुध्या म्हणाला, "चार." "बाकीचे तिघे कुठे आहेत?" "रजेवर." गृहस्थांनी चहा संपवला आणि टोपी उचलली. हे तिसरं स्थळ. रमेशचं, हिरामणचं आणि माझं पत्रांतून ठरलं, आता पुरे, बँड बंद झाला असं कुणीतरी त्याला तोंडावर सांगायचं. धुळं जवळ, म्हणून ती कामगिरी माझ्या गळ्यात पडली. एसटीत मी वाक्यं घोकत गेलो.

कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या श्रावणातल्या सणाचा, रविवार होऊन चार दिवस झाले होते. कानबाईच्या रोटांचा, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचा, आमच्याकडे नियम कडक. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा. त्याचे रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. सुध्याच्या घरात पुरुष एकटा सुध्या. मी गेलो तर तो समोर रोटांची चळत घेऊन बसलेला, कपाळावर घाम, घास काही केल्या उतरत नव्हता.

"एका माणसाचे एवढे रोट?" मी अक्काला विचारलं.

"चार जणांचं दळेल शे," अक्का म्हणाली. "तू, रमेश, हिरामण आणि हाऊ सुध्या. तुमच्या रजेच्या पहिल्या सालापासून मूठ घेऊ राहिनू. मना पोऱ्याला दुसरा भाऊ कोण शे?"

सुध्या मान खाली घालून चावत होता. दर श्रावणात, नऊ वर्षं, आमच्या तिघांच्या वाटचं हा एकटा संपवत होता, आणि स्टँडवर सगळ्या जगाला सांगणाऱ्या या माणसाने आम्हाला त्यातलं अक्षर कळू दिलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

"काय काम काढलं रे दिल्या?" त्याने विचारलं.

"काही नाही. सहज."

"मग बस. हाऊ तुना वाटा शे."

मी हात धुऊन बसलो. रोट वाळून कडक झाले होते. गंगाफळाच्या भाजीत बुडवून दोन खाल्ले. तो एकेक घास मोजल्यासारखा माझ्याकडे बघत होता.

धुळ्याला परतल्यावर मी दोन पोस्टकार्डं लिहिली, एक रमेशला, एक सुरतेला. दोन्हींवर मजकूर एकच: बंद करायचं सांगणं मला जमलं नाही. पुढच्या कानबाईला चोपड्याला या. तुमचं जेवण तो जेवतो आहे.