सदरहू हृदय

अंबादासराव प्रेमगीतांची भाषांतरं करून खाली शिक्का मारायचे. गोल, जांभळा, 'खरे भाषांतर' असा. उभी हयात हैदराबादच्या कोर्टात दस्तऐवजांची भाषांतरं करण्यात गेलेली. निवृत्त झाले तरी शिक्का सुटला नाही. नारायणगुड्यात ते आमचे शेजारी. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली.

गाणी ब्राझीलची. सांबा! कॅसेट दिली वरच्या मजल्यावरच्या कुमुदताईंनी. ताई निवृत्त शिक्षिका, विधवा, एकट्या. त्या काळात गल्लीतला जो तो मुलगा दिलसुखनगरला कॉम्प्युटरचा क्लास करून अमेरिकेला उडत होता. ताईंचा श्रीधरही उडाला, आणि एकदा सुट्टीला आला तेव्हा ती कॅसेट विसरून गेला. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच ऐका," ताई म्हणाल्या. झालं! त्याच रविवारी राव कोठीच्या फुटपाथवरून पोर्तुगीज शब्दकोश घेऊन आले.

"साबण हा शब्द पोर्तुगीजांचा, चावी त्यांची, बटाटा त्यांचा," राव म्हणाले. " मग प्रेमच काइकू नाही कळणार हो?"

सगळ्या गाण्यांत म्हणे एकच मजकूर. जुनं प्रेम गेलं, रडून झालं, उजाडलं, नवं प्रेम दारात उभं. मला वाचून दाखवायचे, "सदरहू हृदय, जे यापूर्वी मोडले होते, ते आजपासून पुन्हा चालू करण्यात येत आहे." मी पोट धरून हसायचो. राव गंभीर.

"हसू नका. कागदात आहे तेच लिहिलं. पदरचं एक अक्षर नक्को."

मग श्रीधरनं आईला कायमचं तिकडे बोलावलं. व्हिसासाठी लागणाऱ्या साऱ्या दाखल्यांचं इंग्रजी रावांनीच केलं. आणि ताईंच्या यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्याखाली, त्याच गठ्ठ्यात, मराठीत एक गाणं ठेवलं. शेवटी आयुष्यात प्रथमच पदरचं एक वाक्य होतं: 'सदर मजकूर भाषांतरकारासही लागू आहे.' खाली सही, शिक्का. मला दाखवताना त्यांचे कान लाल झाले होते.

"सरळ बोला की ताईंशी," मी म्हटलं.

"बोलणं जमत नाही हो. लिहिलेलं बरं."

त्यानंतर राव रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात बसायला लागले. उत्तर काही येईना.

निघायच्या दिवशी टॅक्सी उभी होती. ताई म्हणाल्या, "अंबादासराव, फार उपकार झाले. तुमचा गठ्ठा होता तसाच एजंटाला दिला. व्हिसा लगेच झाला बघा."

"वाचला नाही?"

"कशाला वाचायचा? तुमचा शिक्का होता ना!"

"हौ," राव म्हणाले. "शिक्का होता."

ताईंनी त्यांच्या हातात घराची चावी ठेवली. घर विकलं जाईपर्यंत तुळशीला पाणी घाला म्हणाल्या. मी त्यांची बॅग धरून तिथंच उभा होतो. मला सगळं ठाऊक होतं आणि मी बोललो नाही, याची मला अजून लाज वाटते.

टॅक्सी गेल्यावर मी म्हटलं, "श्रीधरच्या नंबरवर फोन करू? सांगू त्यांना?"

"नक्को. दाखल झालेला कागद परत मागत नसतात."

कॅसेट त्या दिवसापासून बंद झाली. राव रोज सकाळी वर जायचे, तुळशीला पाणी घालायचे. खाली येण्याआधी त्या रिकाम्या घराला कुलूप लावून दोनदा ओढून बघायचे.