दुहेरी टिपेचा पॅच

"या मशीनवर माझ्याशिवाय कोणाचा हुकूम चालत नाही!" मास्टर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. घरात कोणाचा चालतो, हे कोणी विचारत नसे, म्हणून बरं होतं!

मशीन होतं कपड्यावर नावं भरायचं. शेजारच्या कॉम्प्युटरवर एक छोटंसं अॅप. त्यात अक्षरं लिहायची, 'पाठवा' दाबायचं, की सुई खटाखट कामाला लागायची. मशीन नवं होतं तेव्हा मास्टरांनी तेच अॅप बायकोच्या फोनमध्येही टाकून दिलं होतं. कशाला? मिरवायला, दुसरं काय!

त्या दिवशी दवाखान्याचे बारा पांढरे कोट आले होते. प्रत्येकाच्या छातीवर 'हृदयरोग विभाग' भरायचं. चारला मोठे डॉक्टर स्वतः न्यायला येणार, पाचला नव्या विभागाचं उद्घाटन. हे काम नीट झालं तर अख्ख्या दवाखान्याचे कपडे मास्टरांकडे येणार होते, आणि बिघडलं तर समोरच्या गल्लीतल्या टेलरकडे. मास्टरांनी फोन मुका करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि वरच्या मजल्यावरच्या घरातून मास्टरीणबाईंची हाक आली तरी ओ द्यायची नाही, असं ठरवून टाकलं.

दहा कोट झकास झाले. अकराव्यावर 'हृदयरोग विभाग' पुरं झालं आणि मास्टर रीळ आणायला वळले. मागे मशीन आपलं आपणच सुरू झालं!

"मास्टर!" काजं-बटणं करणाऱ्या मावशी ओरडल्या. "हे काय लिहितंय?"

कोटावर, विभागाच्या बरोबर खाली, लाल दोऱ्यात ठसठशीत अक्षरं उमटली होती: 'गोळी घ्या'.

मास्टर दोन पावलं मागे सरले. "गोळी! मावशी, मला कोणीतरी गोळी घालणार!"

"घालतो कुठे म्हणतोय? घ्या म्हणतोय."

"छातीवर लिहिलंय, मावशी! छातीवर!"

मास्टरांनी ड्रॉवरमधून फोन काढला. बायकोचे सात मिस्ड कॉल होते, पण ही काय बायकोशी बोलायची वेळ? त्यांनी मशीनच्या कंपनीला फोन लावला.

"बरं झालं, तुम्हीच फोन केलात," पलीकडच्या मॅडम म्हणाल्या. "तुमच्या अॅपला भोक सापडलंय. तुमच्या वायफायवर जो कोणी असेल, तो परवानगी न मागता तुमच्या मशीनला हुकूम सोडू शकतो. आम्ही पॅच पाठवलाय. तो लावा. आणि तोवर नेट बंद ठेवा."

"पॅच? अहो मॅडम, पॅच आम्हाला शिकवता? तीस वर्षं झाली!" मास्टरांना जरा धीर आला. फोन ठेवता ठेवता ते ओरडले, "मावशी, नेट बंद करा!"

मावशी तातडीने उठल्या. फडताळावर नेटच्या कापडाचे दोन तागे होते, ते उचलून त्यांनी कपाटात कोंबले आणि वर कुलूप ठोकलं. "केलं बंद! आता कोण काढतो बघू!"

इकडे मास्टर भोक शोधत होते. मशीनच्या रेक्झिनच्या कव्हरला मागच्या बाजूने बोटभर फाटलं होतंच. "सापडलं! इथून शिरतोय मेला!" त्यांनी जाड कापडाचा चौकोन कापला, कडा दुमडल्या आणि दुहेरी टीप मारून असा पॅच लावला की वाऱ्याची आत जायची टाप नाही! मग शेवटचा कोट फ्रेममध्ये ताणून बसवला. घड्याळात पावणेचार.

'हृदयरोग विभाग' झालं. मास्टरांनी श्वास सोडला.

सुई पुन्हा खटखटली. 'घेतली का?'

"काय घेतली?" मास्टर मावशींकडे वळले. "मावशी, काय घेतली?"

सुई क्षणभर थांबली आणि खालच्या ओळीत उतरली. 'मी येऊ का?'

"विचारून येणारा खुनी, बाई, मी पहिल्यांदाच बघतेय," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी मोठी कात्री हातात घेतली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. धप, धप, धप! मास्टर मशीनच्या आड बसले. त्यांच्या कानात नुसतं धडधडत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. नेमके त्याच वेळी रस्त्याकडच्या दारातून मोठे डॉक्टर आत आले.

जिन्याच्या दारातून मास्टरीणबाई. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी.

"हाका मारल्या, फोन केले, शेवटी तुमच्या त्या अॅपवर लिहून पाठवलं! एकदा तरी उत्तर द्यावं माणसाने!" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम कापरा झाला. "डोकं दुखतंय म्हणत होतात सकाळी. वर बसून माझा जीव नुसता टांगणीला लागला होता."

डॉक्टरांनी दोन्ही कोट वाचले. मग मशीनच्या आड वाकून मास्टरांची नाडी धरली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"कोणी लिहिलंय ते राहू द्या," ते म्हणाले. "घेतली का?"

मास्टरांनी मान खाली घातली आणि निमूट हात पुढे केला. मास्टरीणबाईंनी हातावर गोळी ठेवली.

"साहेब, दोन्ही कोट उसवून देतो, उद्या सकाळी..."

"हा 'गोळी घ्या'वाला उसवा. पण तो दुसरा मला हवा," डॉक्टर म्हणाले. "वॉर्डात शिरताना मी रोज हेच दोन प्रश्न विचारतो."

सगळे गेल्यावर ड्रॉवरवरचा फोन थरथरला. कंपनीच्या मॅडम.

"मास्टर, पॅच नीट बसला ना?"

मास्टरांनी कव्हरवरच्या त्या देखण्या, दुहेरी टिपेच्या चौकोनाकडे पाहिलं.

"बसलाय तर उत्तमच, मॅडम," ते हळूच म्हणाले. "फक्त एकदा सांगता का... तो लावायचा नक्की कुठे होता?"