सासुरवाडीपासून चांगली लांब

जागा कशी बघावी हे मला कुणी शिकवू नये! उभा जन्म मी सरकारी मोजणी खात्यात घालवलाय. कुठल्या उतारावरून पाणी घरात शिरेल, कुठला झरा ऐन उन्हाळ्यात दगा देईल, कुठल्या खांबाला वाळवी लागेल, हे मी नुसतं वासावरून सांगतो. त्यामुळे निवृत्तीनंतर नैरोबीचं भाड्याचं घर सोडून जायचं कुठे, हा प्रश्न माझ्या दोस्तांना पडला असेल, मला नाही! पाणी हवं, उतार हवा, रस्ता जवळ हवा, दवाखाना फार लांब नको. आणि सासुरवाडी? ती मात्र चांगली लांब हवी!

गैरसमज नको. सासूबाई म्हणजे देवमाणूस. लग्न झाल्यापासून त्यांनी मला एक वाकडा शब्द ऐकवलेला नाही. ऐकवतील कशा? आम्हां बुकुसू लोकांत सासू-जावई एकमेकांशी बोलतच नाहीत! हात मिळवायचा नाही, एका छपराखाली बसायचं नाही, समोरासमोर तर यायचंच नाही. वाटेत गाठ पडलीच तर तिने एकीकडच्या झाडीत शिरायचं, ह्याने दुसरीकडच्या. असा एकमेकांचा मान राखायचा. तरुणपणी मी झकास पळायचो हो! पण आता गुडघे कुरकुरतात. म्हातारपणी रोज झुडपांत उड्या मारायच्या, तर मग निवृत्ती कशाला घ्यायची?

माझ्या बायकोचं, नेकोयेचं, म्हणणं नेमकं उलटं.

"आई आता थकलीय हो. तिच्या हाकेच्या अंतरावर असावं असं वाटतं."

"बघू ना, बघू!" असं म्हणून मी नकाशा सासुरवाडीच्या उलट्या बाजूला उलगडायचो.

आणि अखेर सापडली! च्वेलेच्या बाजाराच्या वर, एल्गॉन डोंगराच्या उतारावर. बारमाही झरा, पडवी, दारात अव्होकाडोचं झाड. मालक एक पेन्शनर मास्तर, लेकीकडे राहायला निघालेले. म्हणाले, "आठवडाभर राहून बघा. पण रविवारी शब्द द्या, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

मटाटू गाडीत बसलो तेव्हा नेकोये म्हणाली, "अहो, आमच्या सितातीने नवी जमीन घेतलीय म्हणे. आईला घेऊन तो तिकडेच..."

"नेकोये, मेव्हण्याचं नंतर! आधी हा उतार बघ!"

"तेच सांगतेय, च्वेलेच्या वरच्या अंगाला..."

"वरच्या अंगाला वारा असतो! फुप्फुसांना एक नंबर!"

बिचारीने नाद सोडला. मी मात्र घर येईपर्यंत वाऱ्यावर बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेला पंचा, हातात साबण, ओठांवर शीळ, असा मी झऱ्याकडे निघालो. समोरून एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन वर येत होती. मी म्हटलं, शेजारीण दिसतेय, रामराम घालावा. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. सासूबाई!

त्यांनी घागर टाकली, खांद्यावरचा रंगीत लेसो तोंडावर ओढला आणि केळीच्या बागेत अशा काही शिरल्या की ह्या बाईला थकलेली कोण म्हणेल! मीही मान राखायला डावीकडे झेप घेतली. डावीकडे खाजकुयली होती. पंचा वाटेवरच राहिला.

"मी सांगत होते!" अंगाला तेल चोळता चोळता नेकोये म्हणाली. "सितातीचं घर ह्या कुंपणापलीकडेच आहे. पण तुम्ही वाऱ्याबद्दल बोलत होतात."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "अहो, मी मागितलं नव्हतं एवढं जवळ दिलं देवाने. किती बरं वाटतंय मला!"

आता अशा बाईला नाही कसं म्हणायचं? मी दात ओठ खाऊन खाजवत राहिलो.

पुढचे दिवस काय सांगू! एकदा मी संडासात असताना सासूबाई लेकीला भेटायला आल्या आणि अंगणात बसून घेवडा सोलायला लागल्या. पोतंभर घेवडा! आत माझ्या पायांना मुंग्या आल्या. खोकलो, तर नेकोये म्हणते, "आई, जरा घरामागे चल, तिकडे सावली आहे." तेव्हा कुठे सुटका!

मग बाजारात, आंब्याखाली न्हाव्यापुढे बसलो होतो. एक गाल झाला, दुसऱ्यावर फेस. तेवढ्यात सासूबाई टोमॅटोचा भाव करत आल्या! मी उठलो तो पळत सुटलो. न्हावी ओरडतोय, "अहो, पैसे! अहो, माझं फडकं!" फडकं गळ्यात तसंच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मास्तरांच्या घरात उतरलेला तो अर्धवट दाढीचा माणूस काही खरा नाही. दिसेल तिथे झुडपात लपतो. त्यात नेमक्या गावातल्या कोंबड्या नाहीशा होत होत्या. करावं तरी काय माणसाने!

शनिवारी मी मनाशी ठरवलं, बस्स! मास्तरांना सांगायचं, जागा सोन्यासारखी आहे, पण आपल्याला नको. नेकोयेला काही बोललो नाही. तिने सकाळीच आईसाठी मक्याची उगाली रांधली होती आणि गाणं गुणगुणत भांडी घासत होती. तिच्याकडे बघवेना. गुपचूप निघालो. वाट टाळून हत्तीगवतातून, कमरेत वाकून.

गवतात एक तांबडी कोंबडी अंड्यावर बसली होती. मला बघून तिने जो काही ठणाणा केला! सासूबाई येतील ह्या धास्तीने मी तिला उचललं आणि चोच धरली. डोकं वर काढतो तर समोर कारभारी वाबुके, गावचे पुढारी, आणि मागे निम्मं गाव. हातात काठ्या!

"सापडला! कोंबडीचोर!"

"अहो, ऐका तरी..."

"माझं फडकंही ह्यानेच नेलं!" न्हावी मागून किंचाळला.

मी धूम ठोकली. कोंबडी काखेत. समोर एक दार उघडं दिसलं, घुसलो आणि पलंगाखाली शिरलो. पलंगावरून ओळखीचा लेसो लोंबत होता. कोपऱ्यात कुणीतरी घेवडा निवडत बसलं होतं. सासूबाईंची झोपायची खोली!

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दारात गर्दी झाली.

"आजी, बाजूला व्हा! चोर आत शिरलाय!"

"इथे चोरबीर कुणी नाही!" भिंतीकडे बघूनच त्या कडाडल्या. "एकाने पाऊल आत टाकलं तर तंगडं मोडीन!"

"मग पलंगाखाली कोण आहे?"

सासूबाई घुटमळल्या. "माझ्या लेकीचा नवरा आहे!"

काठ्या खाली आल्या. वाबुकेंनी टोपी काढली आणि कपाळाला हात लावला. "अरे बाबा, चोरी परवडली असती रे!"

तेवढ्यात नेकोये धापा टाकत आली. मी पलंगाखाली, आई भिंतीकडे, हे बघून ती मटकन खाली बसली. आता बोलणार कोण कुणाशी? अखेर सासूबाईंनीच वाट काढली. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, इथे लेकीच्या जागी कोंबडी!

"ए तांबडे," त्या आपल्याच कोंबडीला म्हणाल्या, "त्या माणसाला विचार, एवढं जग सोडून इथे कशाला आला म्हणावं?"

मी कोंबडीच्या कानात म्हणालो, "तांबडे, सांग त्यांना, शहाणपणाने जागा बघितली. सासुरवाडीपासून चांगली लांब."

नेकोयेने माझ्याकडे असं बघितलं की मी आणखी आत सरकलो.

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. मला इतकं वाईट वाटलं! पण नाही, त्या हसत होत्या!

"तांबडे, त्याला सांग, जावई निवृत्त होऊन गावी येणार असं मलाही कळलं होतं. ह्या वयात रोज केळीत उड्या कोण मारणार? म्हणून मीच सितातीच्या मागे लागले, मला लांब ने. चांगली लांब, डोंगरावर!"

आधी न्हावी हसला, मग वाबुके, मग सगळं दार. नेकोये रडत होती की हसत, देव जाणे.

वाबुके म्हणाले, "झोपायच्या खोलीत शिरलास, आता लपवायचं राहिलंय काय? रीतच मोडू आता, पण रीतीने! जावयाने सासूला बोकड आणि घोंगडी द्यायची, तिने हात पुढे करायचा. मग आयुष्यभर पळापळ बंद."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? तू तर उतार मोजत होतास!"

रविवारी सकाळी मास्तरांना शब्द दिला. दुपारी सितातीच्या अंगणात बोकड आला, घोंगडी आली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हात पुढे करा, चावणार नाही!" लग्नापासून पहिल्यांदा मी सासूबाईंचा हात हातात घेतला. केवढासा हात! छातीवरचा धोंडा उतरला बघा! आता त्या पहिला शब्द काय बोलतात म्हणून सगळ्यांचे कान टवकारलेले. त्यांनी मला टोपीपासून बुटापर्यंत नीट निरखलं. आणि सवयीने वळल्या कोंबडीकडे!

"तांबडे, ह्याला बघून पळत होते होय गं मी इतकी वर्षं?"

आता रोज संध्याकाळी सासूबाई आमच्या पडवीत चहाला असतात. नेकोये दोघांच्या मधे बसते आणि उगाचच हसते. मीही वाट बघतो त्यांची, खोटं कशाला बोलू! पाणी उत्तम, उतार उत्तम, वारा तर विचारूच नका. आणि आम्हां लोकांच्या घरी कोंबडी म्हातारी होत नाही, ताटात येते, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण तांबडीला कापायचं नाव दोन्ही घरांत कुणी काढत नाही. उद्या आमचं भांडण झालं तर बोलायचं कुणाशी?