चित्राबरहुकूम सँडविच

"आज एक जरी सँडविच परत आलं, तर हा ॲप्रन काढून ठेवायचा आणि घर गाठायचं," धाकटी ॲप्रनची गाठ मारत असताना साहेबांनी पुन्हा एकदा बजावलं.

साहेब म्हणजे सँडविचच्या दुकानाचे मालक. भट्टीच्या शेजारी घामाघूम होऊनही ते टाय लावत. टायचं टोक सॉसात बुडू नये म्हणून ते शर्टाच्या खिशात खोचून ठेवत, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटायचं, साहेबांच्या गळ्यातून नळी काढून छातीत हवा भरणं चालू आहे. जवळून बघितलं तरी साधारण तेच वाटायचं.

धाकटी शाळेची परीक्षा आटपून सुट्टीपुरती इथं लागली होती. घरात ती सगळ्यांत धाकटी, म्हणून भट्टीवर काम करणाऱ्या मावशींनी दुकानातही तेच नाव चालू ठेवलं होतं. आणि खरं सांगायचं तर साहेबांचं फार चुकत होतं असंही नाही. पहिल्याच दिवशी धाकटीनं एका गिऱ्हाइकाला नुसता पाव सुबक गुंडाळून दिला होता. आत काही भरायचं असतं हे घाईत राहूनच गेलं. पुढच्या वेळी काही राहू नये म्हणून तिनं इतकी काळजी घेतली, की एका बाईंनी काउंटरवर काढून ठेवलेला चष्माही काकडीबरोबर आत गेला. बाई चाचपडत परत आल्या होत्या.

नोकरी गेली तर पुढे काय, ते आईनं आधीच ठरवून टाकलं होतं. मामीची जुळी. ही जुळी चालायला लागल्यापासून मामीच्या घरातलं एकही दार धड लागत नव्हतं, आणि मांजर कायमचं शेजारी राहायला गेलं होतं. सुट्टीभर त्यांना सांभाळायला कुणीतरी फुकटचं हवं होतं, आणि घरात फुकटची वस्तू म्हणजे धाकटीच. तिनं नोकरीचं जाहीर केलं तेव्हा दादा म्हणाला होता, "जाऊ दे तिला. येतेच आहे परत. जुळ्यांना सांगा, जरा कळ काढा."

म्हणून धाकटी आज डोळ्यांत तेल घालून उभी होती. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग मोजणीकाका आले.

काकांनी जन्मभर जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त झाल्यावर जमिनी संपल्या, पण मोजायची हौस शिल्लक राहिली. खिशात टेप असायचीच. सँडविच हातात घेऊन त्यांनी कागद उघडला. सँडविचकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत सँडविचकडे पाहिलं.

भिंतीवर सँडविचचं भलंमोठं चित्र होतं. काय ते सँडविच! टोमॅटो लालबुंद, सॅलडच्या पानावर पाण्याचे थेंब, चीज असं ओघळलेलं की जणू पावालाच भरून आलंय. काकांच्या हातातल्या सँडविचवर मात्र कुणीतरी बसून उठल्यासारखं दिसत होतं.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"सँडविच, काका."

"आणि ते भिंतीवर?"

"ते पण सँडविच."

"दोन्ही एकच?"

"हो."

"हे बघ मुली, नकाशात विहीर दाखवली असेल तर जागेवर विहीर असायला लागते. खड्डा दाखवून 'समजून घ्या' म्हणता येत नाही. नकाशा भिंतीवर आहे, जागा माझ्या हातात आहे. विहीर कुठाय?"

"पाणी देऊ का, काका?"

"पाणी नको. हे परत घे."

'परत' हा शब्द ऐकताच धाकटी एक पाऊल मागे सरकली. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. काका सँडविच पुढे करून उभे, ती हात मागे घेऊन उभी. घेतलं नाही तर ते परत आलं असं कुणी म्हणू शकणार नाही, असा तिचा साधा हिशेब.

एवढ्यात रांगेतल्या लोकांनी माना वर करून चित्र बघितलं. रोज येणारी माणसं, पण आजवर कुणी त्याच्याकडे वाचायच्या नजरेनं पाहिलं नव्हतं. टेबलाशी बसलेल्या, मोठी पर्स मांडीवर घेतलेल्या एका बाईंनी आपलं सँडविच उघडलं.

"खरंच की. चित्रात टोमॅटोचे चार काप दिसतायत. माझ्यात दीडच आहे."

"बाकीचे तुम्ही खाल्लेत, मॅडम," धाकटी म्हणाली.

"मग ते पोटातून काढून दाखवू का आता?"

रांगेतला एक नवरा समजुतीनं म्हणाला, "अहो, फोटोत आणि प्रत्यक्षात फरक असायचाच. माणूस घेतो चालवून. मी नाही का घेतलं?" शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्याची भूक जागच्या जागी मेली.

आतल्या खोलीत साहेब फोनवर भाजीवाल्याशी भांडत होते. भांडण संपायच्या आत काय ते निस्तरायला हवं होतं. धाकटी म्हणाली, "काका, ते तसंच राहू दे तुमच्याकडे. मी तुम्हाला अगदी चित्रासारखं नवीन करून देते."

म्हणाली खरी. पण चारदा रचलं तरी चारदा ते बसलं. शेवटी ती भट्टीकडे सरकून कुजबुजली, "मावशी, चित्रातलं एवढं उंच कसं काय राहिलं हो?"

मावशी पाव उलटत शांतपणे म्हणाल्या, "न राहायला काय झालं? आत पुठ्ठा होता. फोटो साहेबांच्या मेहुण्यानं काढला, पाव धरून मी उभी होते."

"आणि ती चकाकी?"

"माझ्या डोक्याचं तेल."

"पानावरचे थेंब?"

"मेहुण्याला शिंक आली."

धाकटीनं क्षणभर चित्राकडे पाहिलं. मग जुळी आठवली. तिनं पावाच्या खोक्याचा एक कोरा तुकडा कापला, स्वच्छ पुसला, घडी घालून मधे बसवला. दातकोरण्या खोचल्या, वरून सॅलडचं तेल फिरवलं. शिंक काही आली नाही, म्हणून बोटांनी पाणी शिंपडलं.

काकांनी काचेपलीकडून टेप ताणली. "टोमॅटो उजवीकडे घे. अजून थोडा. थांब, काकडीनं चीजच्या जागेत अतिक्रमण केलंय, तिला मागे सरकव. हां. आता हद्दी बरोबर आहेत."

अख्खी रांग पुढे वाकून बघत होती. सँडविच डौलात उभं होतं, भिंतीवरचं जणू खाली उतरून आलेलं. पर्सवाल्या बाईंनी चक्क टाळी वाजवली. काकांनी समाधानानं टेप गुंडाळली, सँडविच दोन्ही हातांनी उचललं आणि 'आ' वासला.

आणि धाकटीच्या लक्षात आलं, की सँडविच खातात.

गप्प राहिली तर काकांचे दात, बोलली तर मामीची जुळी. साहेबांच्या खोलीचं दार नेमकं तेव्हाच उघडलं. काकांचा जबडा पावाला टेकला. दात खोटे होते की खरे कोण जाणे, पण होते.

"काका, खाऊ नका," ती म्हणाली. "आत पुठ्ठा आहे."

साहेबांचा टाय खिशातून सुटून खाली आला.

"पुठ्ठा? कुणी घातला पुठ्ठा?"

"मी, साहेब. चित्रात आहे म्हणून."

"चित्रात कुठला आलाय पुठ्ठा?"

"तुमच्या मेहुण्यानं घातलेला," मावशी भट्टीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा चित्रातल्या टोमॅटोच्या वळणावर गेला. "काढ तो ॲप्रन," ते म्हणाले. धाकटी गाठ सोडायला लागली. मनातल्या मनात तिनं जुळ्यांना ओळखीचं हसून दाखवायचा सरावही सुरू केला.

"एक मिनिट," मोजणीकाका म्हणाले. "चित्रातल्या सँडविचमध्ये पुठ्ठा आहे?"

"आहे," मावशी.

"आणि या सँडविचमध्ये?"

"आहे, काका," धाकटी.

"मग हिला काढताय कशाबद्दल? नकाशाप्रमाणे जागा आहे. माझी तक्रार पहिल्या सँडविचबद्दल आहे. त्यात पुठ्ठा नव्हता."

साहेब टाय पुन्हा खिशात खोचायला लागले. पण सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडलेला.

"म्हणजे माझ्यातही नसणार," पर्सवाल्या बाई म्हणाल्या. "निम्मं खाल्लं मी. दाताला एकदाही लागला नाही."

"आम्ही दर आठवड्याला येतो," तो नवरा म्हणाला, "आजवर एकदाही पुठ्ठा दिला नाही यांनी." या वेळी बायकोनंही मान डोलावली. लग्नानंतर बहुधा प्रथमच.

"अहो, पुठ्ठा खायचा नसतो," साहेब कळवळून म्हणाले.

"ते आम्ही बघू. चित्रात आहे की नाही तेवढं सांगा," रांगेतून आवाज आला.

साहेबांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. चित्र खोटं म्हणावं, तर सगळे पैसे परत मागणार. खरं म्हणावं, तर पुठ्ठा द्यावा लागणार. पुठ्ठा स्वस्त होता.

"धाकटे," ते पडेल आवाजात म्हणाले, "सगळ्यांना पुठ्ठा दे."

"आणि ॲप्रन, साहेब?"

"राहू दे अंगावर. सुट्टीभर पक्की तू. मला कुठं घड्या घालता येतात." मग जवळ येऊन हळूच, "तुकडे लहान काप. खोकं एकच आहे."

पर्सवाल्या बाईंनी आपला पुठ्ठा पर्समध्ये ठेवला, घरी दाखवायला. मोजणीकाकांनी आपला काढून घडी करून खिशात टाकला आणि मग उरलेलं सँडविच चवीनं संपवलं. पहिलंही संपवलं. त्या दिवशी एकही सँडविच परत आलं नाही.

संध्याकाळी धाकटी नाचतच घरात शिरली. "माझी नोकरी पक्की झाली."

आई, बाबा, दादा, तिघांनीही एकदमच मान वर केली. आईच्या हातात फोन होता. पलीकडे मामी होती.

"ती कशी काय?" बाबांनी विचारलं.

"मी सँडविचमध्ये पुठ्ठा घातला, आणि मग खरं सांगून टाकलं. म्हणून ठेवलं."

दादा हसून हसून खुर्चीवरून घसरला. "खरं सांगितलं म्हणून ठेवलं म्हणे. थाप मारायची तर नीट तरी मार."

धाकटीनं जरा विचार केला. "बरं. साहेबांना माझं काम फार आवडलं."

आता तर आईलाही हसू आवरेना. "हॅलो वहिनी, जरा धरा हं, ही काहीतरी बरळतेय."

मामीचा आवाज फोनमधून इथपर्यंत येत होता, आणि त्याच्या मागे काहीतरी फुटल्याचाही. धाकटीनं एक लांब श्वास घेतला.

"दुसरी कुणी मिळाली नाही त्यांना," ती म्हणाली.

"मग असं सांग की," आई म्हणाली, आणि तिनं मामीला जुळ्यांसाठी दुसरी कुणीतरी बघायला सांगितलं.