मोन्तेव्हाल फुटबॉल क्लबचा इतिहास आणि सभासद क्रमांक ४१२

माणूस आजारानं मरतो. संस्थेचं तसं नसतं. संस्था कागद वेळेवर न दिल्यानं मरते. स्पेन देशातल्या मोन्तेव्हाल या छोट्या शहराचा फुटबॉल क्लब अशा रीतीनं तीन वेळा मेला आणि तरी चालू आहे. त्याचा इतिहास आजवर मराठीत नव्हता. ही उणीव मी भरून काढत आहे. (मागणी कोणी केली नव्हती.)

क्लब १९२१ साली एका औषध दुकानदारानं काढला. पहिला सामना शून्य विरुद्ध अकरा असा हरला. त्याच संध्याकाळी विजयाचं जेवण झालं, कारण आचाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

क्लबचं पहिलं मरण १९३४ सालचं. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज सेक्रेटरीच्या कोटात राहिला आणि कोट बायकोनं धुतला. दुसरं मरण १९६८ सालचं. अर्ज वेळेत गेला, पण कबुतरं पाळणाऱ्यांच्या संघाच्या फाईलला लागला. त्यामुळं पुढची दोन वर्षं तिसऱ्या श्रेणीत खेळायची परवानगी कबुतरांकडं होती. (त्यांनी तिचा गैरवापर केला नाही.) तिसरं २०१४ सालचं. अर्ज बरोबर होता, फाईल बरोबर होती, खिडकी बंद होती.

दर वेळी पंधरा दिवसांत तीच माणसं, तेच मैदान आणि तेच निळे-पिवळे शर्ट घेऊन क्लब पुन्हा जन्माला आला. फक्त नावात एक शब्द वाढायचा. आता पूर्ण नाव पुकारून होईपर्यंत एक गोल झालेला असतो. एकूण विजय ६११, पराभव १९०४. एका सामन्याचा निकाल राखून ठेवला आहे. (चेंडू नदीत गेला होता. पंच वारले.)

तिसऱ्या पुनर्जन्माच्या वेळी सरकारनं अट घातली की किमान पाचशे हयात सभासद पाहिजेत. मोन्तेव्हालात शोधून चारशे अकरा निघाले. मग क्लबनं मोबाईलवरून साऱ्या जगाला आवाहन केलं. जगातून एक अर्ज आला. तो माझ्या बायकोचा, शरणम्माचा.

आमचं गाव जळकोटपासून जवळ आहे. मोन्तेव्हालचे सामने रविवारी त्यांच्या दुपारी बाराला असतात. आपल्याकडं तेव्हा साडेचार. त्या वेळेला ही ओसरीत बसून तुरीतले खडे निवडायची आणि मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायची. चटणीची कृती शोधताना तिला हा क्लब सापडला होता.

"लई हारतात वो हे," ती म्हणाली. "कुणी तरी बघाय पायजे यांना."

"तुला फुटबॉलमधलं काय कळतंय?"

"फुटबॉल न्हाय कळत. हारणारा कळतोय. तुमच्यासंगट चाळीस वर्सं काढली न्हवं?"

तिनं मतदान कार्डावरचा फोटो लावून अर्ज केला आणि सभासद क्रमांक ४१२ झाली. मग तिनं गावातल्या सहा बचत गटांच्या मिळून अठ्ठ्याऐंशी बाया भरती केल्या. बरोबर पाचशे झाले. क्लब वाचला, आणि पुढच्या रविवारी चार गोलांनी हरला.

पुढचं वाक्य मला लिहायला जमत नाही, म्हणून कार्यालयीन भाषेत लिहितो. गेल्या श्रावणात, तीन दिवसांच्या तापानंतर, सभासद क्रमांक ४१२ या मयत झाल्या.

आपल्याकडच्या पेन्शनरांसारखा मोन्तेव्हालच्या सभासदांनाही दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बाकीच्या अठ्ठ्याऐंशी बायांचा दाखला एकाच कागदावर गेला. मग क्लबचे सेक्रेटरी डॉन इसिद्रो (वय ८१; डॉन म्हणजे तिकडचं 'राव') यांचं पत्र आलं. 'क्रमांक ४१२ यांचा दाखला मिळाला नाही. चारशे नव्व्याण्णव झालो तर आम्ही चौथ्यांदा मरू. आता नावात घालायला शब्द उरलेला नाही.'

मी ग्रामपंचायतीत गेलो. रणधीर भाऊसाहेब आमचे ग्रामसेवक. कायद्याला धरून चालणारा माणूस.

"भाऊसाहेब, शरणम्माचा हयातीचा दाखला पायजे."

"आप्पा, मृत्यूचा दाखला म्याच दिला की तुम्हाला!"

"व्हय. तो इथला. ह्यो स्पेनसाठी."

त्यांनी पेन खाली ठेवला. "त्या स्पेनमदी वारल्या का?"

"न्हाय. तिकडं कधी गेलीच न्हाय."

"मग प्रश्नच मिटला," भाऊसाहेब म्हणाले. "मृत्यू जिथं झाला तिथंच नोंदवायचा, असा नियम हाय. तिकडं झालाच न्हाय, तर तिकडं नोंदवता कसा येईल?"

आणि त्यांनी लिहून दिलं: 'सदर महिला स्पेन हद्दीत मयत झाल्याचे दिसून येत नाही. सबब त्या हद्दीपुरत्या हयात आहेत.' खाली गोल शिक्का.

क्लबनं दाखला मान्य केला. शिवाय तिच्या निष्ठेबद्दल मैदानात एक खुर्ची दिली, पाठीवर ४१२ आकडा घालून. फोटो पाठवला. खुर्ची रिकामी आहे. आजूबाजूच्याही सगळ्या रिकाम्याच आहेत, त्यामुळं तिचं नसणं तिथं दिसून येत नाही. घरात दिसतं.

अडचण वेगळीच आहे. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी मोन्तेव्हालात वर्षभरात वारलेल्या सभासदांची नावं वाचतात आणि सगळा गाव टोप्या काढून उभा राहतो. ज्यांच्यासाठी ती एवढं बसली, त्यांनी एकदा तिच्यासाठी उभं राहावं, एवढंच मला पाहिजे. पण ती त्यांच्या लेखी जिवंत आहे. तिला जाऊ द्यायचं तर क्लब मरतो. (मयताचा क्रमांक फक्त मोन्तेव्हालात जन्मलेल्या वारसाला मिळतो आणि बाहेरची भरती पाचशेवर बंद झाली; मी दोन्हीत बसत नाही.)

मी डॉन इसिद्रोंना खरं कळवलं. त्यांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. ते म्हणाले, क्लबच्या घटनेत कलम १४ आहे: जो कोणी क्लबचा इतिहास शेवटपर्यंत वाचेल, त्याला कोणत्याही भाषेत, संमती न विचारता सभासद करून घेण्यात येईल. एकशे तीन वर्षांत हे कलम वापरायची वेळ आली नव्हती. शेवटपर्यंत कोणी वाचलंच नव्हतं.

आपण वाचलात. आपला क्रमांक ५०१. तिच्यावाचूनही पाचशे भरले, म्हणून शरणम्माचं नाव मी आज वारलेल्यांच्या यादीसाठी कळवतो आहे.

रविवारी साडेचारला बसत चला. ते हरतील. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागेल. भाऊसाहेब आपल्याला एकच विचारतील, जिवंत असल्याचा पुरावा काय? आत्तापासून शोधायला लागा. नाहीच सापडला तर कुठं जिवंत नाही, तेवढं सांगा. बाकीचं ते लिहून देतात.