कूलर देवरावांचा, लाइन बापूजींची

प्रमोदिनीबाई कूलरमध्ये पाणी भरायला गेल्या आणि बादलीसकट मागे फेकल्या गेल्या. बादली दिवाणाखाली गेली, पाणी खोलीभर झालं आणि प्रमोदिनीबाई भिंतीला टेकून उजव्या हाताची बोटं हलतात का ते बघत बसल्या. देवराव गायधने पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, आधी कूलरकडे पाहिलं, मग बायकोच्या पायांकडे.

"चप्पल नव्हती घातली वाटते तू," ते म्हणाले.

त्या घरात तसा नियमच होता. कूलरला हात लावायचा तर चप्पल घालून, मिक्सरला लावायचा तर उलट्या हातानं, आणि न्हाणीघराचा दिवा लाकडी पट्टीनं. वायरिंग देवरावांच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हाचं होतं आणि देवरावांना त्याचा अभिमान होता. आजकालची वायर दोन उन्हाळे टिकत नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. शॉक लागलेल्या पाहुण्यालाही ऐकवत.

प्रमोदिनीबाईंनी मात्र त्या दिवशी जाहीर केलं की, चांगला इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चूल पेटणार नाही. म्हणून देवराव कोपऱ्यावरच्या पिंटूला घेऊन आले. पिंटू मोबाइल दुरुस्त करायचा आणि मोबाइलमध्येही करंटच असतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं कूलरच्या पिनला इतकी काळी पट्टी गुंडाळली की, पिन प्लास्टर घातलेल्या हातासारखी दिसायला लागली. आता भिण्याचं कारण नाही, असं सांगून तो निघाला आणि दारातून वळून म्हणाला, चप्पल मात्र घालत जा.

चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीबाईंनी स्वतःच हर्षाला बोलावलं. हर्षा आयटीआय शिकलेली, लायसन्स असलेली वायरमन होती. स्कूटीवर शिडी आडवी बांधून अख्ख्या महाल भागात फिरायची आणि शिडी कोणाच्या डोक्याला लागली तर त्यालाच बोलायची. आल्या आल्या तिनं देवरावांना विचारलं की, हे बोर्ड तुम्ही म्युझियममधून आणले का. मग तिनं मेन बंद केली. पंखे थांबले, देवघरातला दिवा गेला, आतल्या खोलीतला रेडिओ मध्येच गप्प झाला.

कूलर चालूच होता.

हर्षानं मेनकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं आणि हसायला लागली. "काका, हा कूलर तुमचा हाय, पण याची लाइन तुमची नाई. भिंतीपलीकडून येऊन राहिली."

भिंतीपलीकडे देवरावांचे थोरले भाऊ बापूजी राहत. काही वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, तेव्हा पुढचं फाटक कोणाच्या वाट्याला जावं यावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली, दुसरं मीटर आलं. पण भिंतींच्या पोटातल्या वायरी कोणी वाटून घेतल्या नव्हत्या. त्या आपल्या पूर्वीसारख्याच इकडून तिकडे जात होत्या.

दोन्ही जावांचं मात्र उत्तम चालू होतं. गच्चीवरची भिंत कमरेएवढीच होती आणि तिच्यावरून कुरडयांपासून घरातल्या कुरबुरींपर्यंत सगळ्याची देवाणघेवाण होत असे. त्यामुळे बापूजी दाढी करायला बाहेर गेल्यावर थोरल्या जाऊ सुमतीबाईंनी हर्षाला गुपचूप आपल्या घरात घेतलं. तिथली मेन बंद केली तर बापूजींचा टीव्ही आणि फ्रिज दोन्ही चालू राहिले. ते देवरावांच्या लायनीवर होते.

हर्षानं गच्चीवर दोघींना समजावलं की, जुन्या वायरी काढायच्या तर दोन्ही मेन एकाच वेळी बंद पाहिजेत, नाहीतर आधी तिचाच जीव जायचा. अडचण इथेच होती. देवरावांनी सांगितलं होतं, आधी भावानं बंद करावी. सुमतीबाईंनी बापूजींपुढे नुसता विषय काढला, तर त्यांचंही तेच म्हणणं पडलं, आणि वर हेही की, आपल्या घरातल्या वायरिंगला काही झालेलं नाही, लहान्याच्या हातालाच गुण नाही.

"मंग मागून कायले पाह्यचं," सुमतीबाई म्हणाल्या. "नाई मागितलं तर दोघंही बंद करतीन."

त्या दुपारी ऊन असं होतं की, गल्लीतली कुत्रीसुद्धा नालीत बसली होती. बापूजींकडे टीव्हीवर मॅच चालू होती आणि तिचा आवाज भिंतीतून देवरावांपर्यंत येत होता. प्रमोदिनीबाई कैरीचं पन्हं घेऊन आल्या आणि सहज बोलल्यासारखं बोलल्या की, ती हर्षा सांगत होती, तुमच्या भावाचा टीव्ही आपल्या लायनीवर चालतो म्हणे.

देवरावांनी पन्हं खाली ठेवलं. ते उठले, मेन बंद केली आणि परत येऊन बसले. पंखा गेला, पण कूलर होताच. पलीकडे मॅच अर्ध्या ओव्हरमध्ये तुटली. देवरावांनी डोळे मिटून कूलरचा वारा खाल्ला. त्या उन्हाळ्यातला त्यांचा सगळ्यात सुखाचा क्षण तोच असावा.

भिंतीपलीकडे सुमतीबाई बापूजींना सांगत होत्या की, टीव्हीचं जाऊ द्या, पण देवरावभाऊजींचा कूलर आपल्या लायनीवर चालतो, हे तुम्हाला माहीत आहे का.

कूलर घरघर करत थांबला.

दोन्ही घरांत सगळं शांत झालं. गच्चीच्या जिन्यात बसलेल्या हर्षानं ग्लासातलं पन्हं संपवलं, आधी इकडच्या आणि मग तिकडच्या बोर्डातले फ्यूज काढले आणि खिशात टाकले. देवराव पुन्हा मेन चालू करायला गेले, खटका खाली-वर केला, पण काही झालं नाही. पलीकडूनही तसाच खटखटाट ऐकू येत होता. देवरावांना वाटलं, भाऊ चिडवतो आहे. बापूजींनाही तेच वाटलं.

"फ्यूज माह्याजवळ हायेत काका," हर्षा म्हणाली. "काम झालं का देतो. तोवर झाडाखाली बसा."

देवराव तिच्यावर ओरडणार होते. पण तिनं तोवर कूलरमागचा बोर्ड उघडला होता आणि आतली वायर बाहेर ओढली होती. वायरीवरचं रबर तिच्या हातात शिळ्या भाकरीसारखं चुरलं. आतली तार उघडी होती, बोर्डाची लाकडी पाठ जळून काळी पडली होती. अर्थिंगची तार बागेतल्या नळाच्या पाइपाला बांधलेली निघाली, आणि तो पाइप कधीच प्लास्टिकचा झाला होता. देवराव ते सगळं बघत राहिले. मग त्यांनी प्रमोदिनीबाईंकडे पाहिलं. त्या दिवाणाखालून बादली काढत होत्या.

"लागलं होतं का गं फार?" त्यांनी विचारलं.

"आता आठवण आली का," त्या म्हणाल्या.

काम काही दिवस चाललं. जेवणं गच्चीवर झाली, भाऊ एकमेकांकडे पाठ करून जेवले. दोन्ही घरांचं वायरिंग वेगळं झालं, शॉक लागण्याआधीच आपोआप पडणारे स्विच बसले. देवरावांनी पाहुण्यांना नव्या वायरीचं कौतुक सांगायला सुरुवात केली. फक्त अर्थिंगचा खड्डा एकच झाला, कारण मागच्या बोळीत जागाच तेवढी होती, भिंतीच्या टोकाला, निम्मा इकडे आणि निम्मा तिकडे. जाताना हर्षानं सांगितलं की, उन्हाळाभर त्यात रोज पाणी टाका, माती वाळली तर अर्थिंगचा उपयोग नाही.

देवरावांची खात्री होती की, भाऊ पाणी टाकणार नाही. म्हणून ते रोज सकाळी बादलीभर टाकत. बापूजींना लहान्याचा आळस ठाऊक होता, म्हणून ते रोज सकाळी बादलीभर टाकत. बोळीत चिखल झाला, डास झाले. शेवटी एका सकाळी दोघं दोन बादल्या घेऊन खड्ड्यावर समोरासमोर आले.

"काहून टाकून राहिला गा इतकं पाणी?" बापूजी म्हणाले. "मी टाकतो न रोज."

"मले काय मालूम तुम्ही टाकता म्हणून. सांगाचं होतं."

इतक्या वर्षांत झालेलं ते पहिलं बोलणं. त्यानंतर ते थांबलंच नाही. पाणी किती टाकावं, कधी टाकावं, विहिरीचं बरं की नळाचं, यावरून दोघं रोज सकाळी बोळीत भांडायला लागले. पुढे खुर्च्या आल्या. चहा तिकडेच मागवायला सुरुवात झाली, भांडण नाश्त्यापर्यंत आणि मग जेवणापर्यंत लांबलं. जावांना गच्चीवर एकमेकींचं बोलणं ऐकू येईना.

आठवडाभर सोसल्यावर प्रमोदिनीबाईंनी सांगून टाकलं की, आपल्या घरापुरतं वेगळं अर्थिंग करून घेऊ, हर्षा गच्चीच्या बाजूनं जागा काढून देते म्हणाली आहे.

देवरावांना ती सूचना मुळीच पटली नाही. "वेगळं कायले पाह्यजे?" ते म्हणाले. "एका घराले एकच अर्थिंग पुरते."

आणि ते घाईघाईनं बादली घेऊन बोळीकडे निघाले. बापूजींच्या खुर्चीचा आवाज केव्हाच आला होता.